गल्ल्यावरून: परळच्या हॉटेलवाल्या काकांना वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात माझ्या हॉटेलबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की संपादक म्हणाले, काका, या वेळी सगळा कॉलम त्यालाच द्या. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी राजापूरकडचा, १९७१ ला चौदाव्या वर्षी मुंबईत आलो, लालबागच्या एका हॉटेलात पोऱ्या म्हणून लागलो, फडका मारणं, कपबशा विसळणं, मग भटारखाना असं करत करत नऊ वर्षं काढली आणि १९८० ला परळला एका गिरणीच्या गेटसमोर स्वतःचं टाकलं. तेव्हा सात टेबलं होती, आजही सातच आहेत.

प्रश्न: मी २९ वर्षांचा आहे, आयटीत नोकरी करतो. माझ्या हातची मिसळ सगळ्यांना आवडते. नोकरी सोडून मिसळीचं हॉटेल काढायचंय, आठ-दहा लाख जमवलेत. पुरतील का?
– एक वाचक, नाशिक

बाळा, पैशाचं नंतर बोलू. आधी एक काम कर, नोकरीतून सुट्टी काढ नाहीतर शनिवार-रविवार धर, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हॉटेलात काम कर, पगार देवो न देवो, पण गल्ल्यावर बसू नको आणि भट्टीवर तर मुळीच नको, मोरीत उभा राहा. भांडी घासायच्या जागी. कारण गिऱ्हाईक तोंडावर "मस्त होती हां" म्हणून जातं पण खरं काय ते ताटलीत ठेवून जातं. फरसाण तसंच राहिलंय का, रस्सा संपला आणि पाव उरला का, कांद्याला कुणी हात लावलाय की नाही, हे सगळं मोरीत दिसतं. मी आजही दुपारची गर्दी ओसरली की पाच मिनिटं तिथे जाऊन खरकटं बघतो. माझ्याकडे उसळीत खोबरं कमी करायचं ठरलं ते असंच, लोक ते खाली ठेवत होते आणि आम्हाला वाटत होतं की खोबऱ्याने चव येतेय.

आता मिसळीचं. घरी सहा जणांसाठी केलेला कट आणि साठ प्लेटांचा कट यात फरक फक्त मापाचा नसतो. कांदा-खोबरं मोठ्या कढईत भाजायला घेतलं की खालचं जळतं नि वरचं कच्चं राहतं, झारा सतत फिरवावा लागतो, हात भरून येतो, आणि एकदा का वाटण जळलं की सगळा टोप कडू होतो आणि समोर बारा माणसं बसलेली असतात. मोड आलेली मटकी उन्हाळ्यात रात्रीतून आंबट वास मारायला लागते, थंडीत तुझ्या नाशकात दीड-दीड दिवस मोडच येत नाहीत. तुझ्याकडे तर रविवारी सकाळी लोक गावाबाहेर मळ्यात मिसळ खायला जातात, म्हणजे रविवारी पन्नास गिऱ्हाईकं येतील यात शंका नाही, पण मंगळवारी दुपारी चार वाजता कोण येणार ते आधी शोध. गल्लीतलं हॉटेल मंगळवारवर चालतं.

पैशाचं म्हणशील तर जेवढे आहेत त्यातले निम्मेच लाव. उरलेल्यातून पहिल्या वर्षाचं भाडं आणि पगार भरता आले पाहिजेत, एकही प्लेट गेली नाही असं समजून. टेबल-खुर्च्या, रंग, बोर्ड यात पैसे घालून बसलेले आणि सहाव्या महिन्यात शटर ओढलेले मी डोळ्यासमोर बघितलेत, चांगली मुलं होती, हाताला चवही होती.

प्रश्न: मी कॉलेजसाठी गिरणगावावर प्रोजेक्ट करतेय. १९८२ च्या संपात तुमच्या हॉटेलचं काय झालं? तुम्ही टिकलात कसे?
– एक विद्यार्थिनी, लालबाग

पोरी, यावर कितीही लिहिलं तरी कमीच आहे.

आधी गिरण्या चालू असताना काय होतं ते ऐक. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी साडेतीनला, रातपाळी बाराला. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरायचा. माझा पहिला चहा पहाटेच उकळायचा कारण रातपाळीवाला सुटायचा आणि पहिल्या पाळीवाला जायचा, दोघं एकाच बाकड्यावर. जेवायला मात्र बहुतेक जण हॉटेलात येत नसत, ते खानावळीत. म्हणजे चाळीतल्या एका खोलीत एखादी बाई वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करायची, हिशोब महिन्याचा, पगार झाला की पैसे. माणसं बहुतेक आमच्याच कोकणातली नाहीतर घाटावरची, सातारा-सांगली-कोल्हापूरकडची, बायकापोरं गावाला. या खानावळवाल्या बायकांना वाण्याचं आणि सावकाराचं देणं कायम डोक्यावर असायचं, प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. तुझ्या प्रोजेक्टमध्ये हे नक्की घाल. गिरणीतला पुरुष सगळ्यांना माहीत असतो, त्याला जेवू घालणारी बाई कुणी लिहीत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. पहिला महिना सगळ्यांना वाटत होतं आठ-पंधरा दिवसांत मिटेल. माणसं दिवसभर बाकड्यावर बसायची, एक कटिंग दोघांत घ्यायची, पेपर वाचायची, वाद घालायची. मी उधारीची वही काढली. त्याआधी माझी वही पातळ होती, बारा-पंधरा नावं. मार्चपर्यंत दुसरी वही लागली. मे महिन्यात माणसं गावाला जायला लागली, पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि जाताना हॉटेलात येऊन सांगून जायची, "शेठ, माझं एवढं राहिलंय, संप मिटला की आल्यावर देतो." संप मिटलाच नाही. तो कुणी मागे घेतला असंही कधी झालं नाही, नुसताच विरून गेला. बरेच परतही आले नाहीत.

ती वही माझ्याकडे आहे अजून. आमच्या हिने एकदा विचारलं की ही ठेवून काय करायचंय, मी म्हटलं राहू दे. १९९१ का ९२ ला एक माणूस आला, सातारकडचा, केस पिकलेले, म्हणाला माझं नाव काढा वहीत. काढलं. सत्तेचाळीस रुपये होते. त्याने पन्नास दिले आणि तीन परत घ्यायला तयार नाही. असे चार-पाच जण आले त्या दहा वर्षांत. बाकीच्यांचा मला कधीही राग आला नाही, ती माणसं बुडवणारी नव्हती, तीच बुडाली होती.

टिकलो कसा म्हणशील, तर गिऱ्हाईक बदललं. परळमध्ये गिरण्या होत्या तशी हॉस्पिटलंही आहेत, केईएम, टाटा, वाडिया. तिथे गावाकडून पेशंट घेऊन आलेली माणसं असतात, पंधरा-पंधरा दिवस, महिना-महिना फुटपाथवर नाहीतर व्हरांड्यात झोपतात. त्यांना वडा-भजी नको असते, त्यांना भात पाहिजे असतो, वरण, मऊ खिचडी, पेज, आणि डब्यात भरून वर वॉर्डात नेता येईल असं. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला होत्या, त्यांनी एके दिवशी रस्त्यात एका बाईला रडताना बघितलं, तिच्या नवऱ्याला डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितली होती आणि मुंबईत पेज मिळेना. दुसऱ्या दिवसापासून पेजेचा एक टोप ठेवला. त्या टोपावरच मी १९८२ ते ८५ काढली, खोटं सांगत नाही. पुढे गिरण्यांच्या जागी काचेच्या बिल्डिंगी आल्या, ऑफिसवाली मुलं आली, त्यांना पोहे-उपमा-साबुदाणा लागतो, राइस प्लेट लागते, ती आम्ही देतो. पण पेजेचा टोप बंद केला नाही.

प्रश्न: ज्या दुकानात फक्त चहा-वडा मिळतो, राहायची सोय नाही, त्याला आपण हॉटेल का म्हणतो? माझा मुलगा मला हसतो.
– एक आजोबा, ठाणे

हसू दे त्याला, आपण म्हणायचं सोडायचं नाही. आपल्याकडे राहायचं ते लॉज आणि खायचं ते हॉटेल, गावच्या एस्टी स्टँडपाशी पत्र्याच्या शेडवरही "हॉटेल" लिहिलेलं असतं आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. जुन्या पाट्यांवर उपहारगृह, विश्रांतीगृह, दुग्धमंदिर, आरोग्यभुवन अशी नावं असायची, गिरगाव-दादरकडे अजून थोडी आहेत. माझ्या पाटीवर उपहारगृहच आहे पण आजपर्यंत एकही माणूस "चला उपहारगृहात जाऊ" म्हणून आलेला नाही.

प्रश्न: आमचं पंचवीस वर्षांचं हॉटेल आहे. दोन महिन्यांपूर्वी मुख्य आचारी सोडून गेला, आता जुनी गिऱ्हाईकं म्हणतात पूर्वीची चव राहिली नाही. आचाऱ्याला जास्त पगार देऊन परत बोलावू का?
– एक हॉटेल मालकीण, पुणे

ताई, आधी मीच तुम्हाला एक विचारतो, तो का गेला? पगारासाठी गेला असेल तर बोलवा, येईल. पण बहुतेक वेळा आचारी पगारासाठी जात नाही. भटारखान्यात पंखा नसतो म्हणून जातो, बहिणीच्या लग्नाला चार दिवस सुट्टी मागितली आणि दोन दिली म्हणून जातो, गिऱ्हाईकासमोर ओरडलात म्हणून जातो. ते कारण तसंच राहिलं तर परत आलेला आचारी पुन्हा जाईल, आणि तुम्ही नवा ठेवलात तर तोही जाईल.

माझं सांगतो. माझ्याकडचे सगळे कोकणातले आणि कोकणातला माणूस गणपतीला गावी जातोच, त्याला तुम्ही दुप्पट पगार द्या नाहीतर पाय धरा, तो जाणार. आणि मुंबईत आमच्याकडे गर्दी कधी, तर तेव्हाच. लालबागला राजा बसतो १९३४ पासून, ते दहा दिवस रात्रभर माणूस असतो रस्त्यावर. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा धंदा आणि भटारखाना रिकामा. पहिल्या वर्षी मी भांडलो, एकाला जाऊ दिलं नाही. तो राहिला, पण दहा दिवस मान खाली घालून काम केलं त्याने, आणि आरतीच्या वेळेला मोरीपाशी जाऊन उभा राहायचा. मला ते बघवलं नाही. दुसऱ्या वर्षीपासून सगळ्यांना सोडलं, तिकिटाचे पैसे मी दिले, आणि ते दहा दिवस मी, आमची ही आणि शेजारच्या चाळीतली चार मुलं मिळून हॉटेल चालवायला लागलो. पदार्थ कमी केले, वडा, भजी, चहा आणि साबुदाणा खिचडी, बस. मी स्वतः कढईवर. माझ्या गावच्या गणपतीला मी पस्तीस-छत्तीस वर्षं गेलो नाही, त्याचं दुःख आहे, पण माझे आचारी वीस-वीस वर्षं टिकले ते त्यामुळे.

आणि त्यातून दुसरा फायदा असा झाला की चव माझ्या हातात राहिली. वड्याचं सारण किती परतायचं, मिरची-आलं-लसूण किती जाडसर ठेवायचं, तेल तापलंय की नाही हे पिठाचा थेंब टाकून कसं बघायचं, हे सगळं माझ्या हाताला माहीत आहे, फक्त आचाऱ्याच्या नाही. ताई, तुम्ही पंचवीस वर्षं हॉटेल चालवताय, पण चव आचाऱ्याच्या हातात सोडून दिली असेल तर ती त्याच्याबरोबर जाणारच. आता पुढचे पंधरा दिवस स्वतः भट्टीपाशी उभ्या राहा. जुन्या गिऱ्हाईकांपैकी जे सगळ्यात जास्त कुरकुर करतायत त्यांना रोज एक वाटी द्या, पैसे घेऊ नका, विचारा आज काय कमी आहे. त्यांच्या जिभेला पंचवीस वर्षांची आठवण आहे, तुमच्या आचाऱ्यापेक्षा ते चांगलं सांगतील.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. माणसं कमी आहेत म्हणून लहान मुलं ठेवू नका. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात, ढाब्यावर कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि ती अगदी योग्य आहे. मी स्वतः त्याच वयाचा असताना लागलो. रात्री पाण्याने हाताची कातडी सोललेली असायची आणि आईला पत्र लिहिताना अक्षर नीट येत नसे.

प्रश्न: कॉलेजजवळ मेस चालवतो. मुलं महिनाअखेर पैसे थकवतात आणि परीक्षा झाली की गायब होतात. उधारी बंदच करू का?
– एक मेसवाला, कराड

बंद करू नका, मर्यादा घाला. मेस म्हटली की महिन्याचे पैसे आगाऊ, ही पद्धत ठेवा, खाडे वजा करायची सोय द्या म्हणजे मुलांना ते अन्यायाचं वाटत नाही. ज्याच्या घरचं खरंच अडलंय तो मुलगा मागायला येतच नाही, तो एक वेळचं जेवण कमी करतो, तेव्हा वहीपेक्षा ताटावर लक्ष ठेवा. अशा मुलाला बाजूला बोलावून सांगा की बाबा तू जेव, नंतर बघू. बाकीच्यांना पंधरा तारखेनंतर ताट नाही.

प्रश्न: राइस प्लेटचे दर वाढवायला भीती वाटते. समोरच्या हॉटेलात आमच्यापेक्षा वीस रुपये कमी आहेत. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

भीती मलाही वाटायची, आणि त्या भीतीपायी मी एकदा तीन वर्षं दर वाढवले नव्हते, मग एकदम वाढवावे लागले आणि लोक खरोखर नाराज झाले. तेव्हापासून दरवर्षी पाडव्याला थोडे वाढवतो. आठ दिवस आधी गल्ल्यावर कागद लावतो. रोजचं गिऱ्हाईक पाच रुपयांना तुटत नाही, न सांगता वाढवले तर मात्र दुखावतं.

हिशोब माझा तीन वाट्यांचा आहे. एक वाटा माल, एक वाटा पगार-भाडं-गॅस-लाइट, आणि तिसऱ्या वाट्यातून दुरुस्ती, टॅक्स, कर्ज आणि राहिलं तर आपलं घर. मालाचा वाटा फुगला की तिसरा आधी मरतो आणि तो मरतोय हे वर्षभर कळत नाही, कारण गल्ल्यात रोज नोटा दिसत असतात. जीएसटीचंही नीट समजून घ्या. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना बिलावर ५ टक्के आहे पण इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरवर तुम्ही जो १८ टक्के टॅक्स भरता तो परत मिळत नाही, तो तुमच्या खर्चातच धरायचा. कितीतरी जण तो धरत नाहीत आणि मग म्हणतात पैसे जातात कुठे. सीएला एकदा समोर बसवून एका प्लेटचा खर्च काढा.

आणि समोरच्याचं बघू नका. १९९५ ला सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली तेव्हा मला वाटलं आपलं संपलं. नाही संपलं. ज्याला एक रुपयातच जेवायचं होतं त्याची सोय झाली, चांगलंच झालं, आणि ज्याला रोजच्या टेबलावर रोजच्या माणसाच्या हातचं वरण पाहिजे होतं तो माझ्याकडे येत राहिला. वीस रुपये कमी करून समोरचा तेलात काय करतोय तेही बघा. तेच तेल चार-चार दिवस तापवत असेल तर ते स्वस्त नाही. १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. आमच्याकडे ते मोजायचं मीटर येण्याआधीपासून एकच रीत आहे, तेलाला फेस धरायला लागला की कढई उतरवायची.

प्रश्न: डिलिव्हरी ॲपवर जावं का? घरचे म्हणतात जमाना बदललाय.
– एक वाचक, औरंगाबाद रोड, अहिल्यानगर

जमाना बदललाय हे खरंच आहे, जा. पण सगळं मेन्यूकार्ड टाकू नका, जे अर्धा तास डब्यात राहून बिघडत नाही तेवढंच टाका. वडा टाकू नका, मऊ पडतो आणि शिव्या तुम्हाला. करारात कमिशन किती, त्यावर टॅक्स किती, डिस्काउंट दिला तर तो कुणाच्या खिशातून, हे सही करायच्या आधी वाचा, माझ्या सुनेने वाचलं म्हणून मी वाचलो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या जेवणाचा जीएसटी ॲप कंपनीच भरते, तेव्हा तो हिशोब वेगळा ठेवा. आणि तुमच्या गल्लीतला माणूस फोन करून ऑर्डर देत असेल तर त्याला ॲपवर ढकलू नका, पोराला चालत पाठवा.

प्रश्न: माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. ४१ वर्षं खानावळ चालवतात. गुडघे गेलेत, बीपी आहे, तरी पहाटे पाचला उठून जातात. आम्ही दोघी बहिणी नोकरी करतो, आमच्यापैकी कुणीही हे पुढे चालवणार नाही. बंद करा म्हटलं की बोलणंच बंद करतात. त्यांना कसं समजवायचं?
– एक मुलगी, चिंचवड

बाळ, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुझ्या वडिलांच्या वयाच्या जवळपासचाच मी आहे, तेव्हा त्यांच्या बाजूने थोडं बोलतो, रागावू नकोस.

तू त्यांना "बंद करा" म्हणतेस तेव्हा तुला म्हणायचं असतं की आराम करा. त्यांना ऐकू येतं की एक्केचाळीस वर्षं केलंत त्याला आता काही अर्थ नाही. पहाटे पाचला उठणारा माणूस घरी बसला तर सकाळी सहाला तो काय करणार हे कुणीच त्यांना सांगत नाही. दूधवाला येतो तो त्यांच्याशी बोलतो, भाजीवाली त्यांच्याशी भांडते, जेवायला येणारा एखादा एकटा म्हातारा त्यांच्यासाठी थांबतो. ते सगळं एका दिवसात काढून घेतलंस तर गुडघे बरे होतील का?

आमच्याकडे कसं झालं ते सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. बसून खाणं बंद, ते थेट ५ ऑक्टोबरला निम्म्या टेबलांवर सुरू झालं. मधल्या काळात हॉस्पिटलच्या लोकांसाठी फक्त पार्सल करत होतो, मी, एक आचारी आणि माझी सून. तिची ऑफिसची नोकरी घरून चालू होती, ती संध्याकाळी खाली यायची आणि हिशोब लिहायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं. वर्षभराने मला कोविड झाला, सतरा दिवस आत होतो, बाहेर आलो तर हॉटेल चालू होतं. गल्ल्यावर ती बसलेली. मी गेलो आणि समोरच्या टेबलावर बसलो, गिऱ्हाईकाच्या जागी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माझं हॉटेल त्या बाजूने दिसलं, भिंतीवरचा रंग उडालाय, पंखा वाजतोय. तिने चहा पाठवला. त्या दिवसापासून मी सकाळी सहा ते नऊ एवढंच बसतो, त्यानंतर ती किंवा मॅनेजर. नऊ वाजता मला उठवतात, उठावंसं वाटत नाही, उठतो.

तुमच्याकडे पुढे चालवणारं कुणी नाही, ठीक आहे, तुमच्यावर सक्ती नाहीच, आणि तुझ्या वडिलांनाही ती नको असणार, नाहीतर त्यांनी तुम्हाला शिकवलं नसतं. पण खानावळीत त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काम करणारं कुणी असेलच ना? मावशी असतील, आचारी असेल. वडिलांना विचार की याला चालवायला दिली तर? भाड्याने किंवा भागीत, वकिलाकडून नीट कागद करून. आधी रात्रीचं जेवण बंद करा, फक्त दुपार ठेवा. मग आठवड्यात एक सुट्टी. मग सकाळची खरेदी दुसऱ्याकडे. प्रत्येक टप्प्याला तीन-चार महिने द्या. जागा पागडीची असेल तर नावावर कुणाच्या करायची, मालकाला किती द्यावं लागेल, हे मात्र वडील ठणठणीत असतानाच विचारून घ्या.

आणि एक दिवस सुट्टी काढून पहाटे पाचला त्यांच्याबरोबर जा. काही बोलू नकोस, नुसतं कांदे सोल. तू शेवटची कधी गेली होतीस तिथे, ते तू लिहिलेलं नाहीस.

प्रश्न: १९९४ ला माझे बाबा केईएमला ॲडमिट होते, दीड महिना. तुमच्या हॉटेलातून मी रोज पेज नेत असे, कधीकधी तुम्ही पैसे घेतले नाहीत. बाबा गेले त्यात. पण शेवटपर्यंत तीच पेज त्यांच्या पोटात राहायची. मला आता करून बघायचीय, कशी करत होता?
– एक वाचक, चिपळूण

तुम्हाला मी आठवत असेन पण मला तुमचा चेहरा आठवत नाही याचं वाईट वाटतं, त्या वर्षांत रोज तीस-चाळीस डबे भरत होतो. बाबांचं वाचून जीव हलला.

सासूबाईंची रीत सांगतो. चिपळूणला उकडा तांदूळ चांगला मिळेल तुम्हाला, लाल नाकाचा घ्या, पॉलिश नको. एक वाटी तांदूळ तीन पाण्यांत धुवा, अर्धा तास भिजवा. जाड बुडाच्या टोपात आठ-नऊ वाट्या पाणी उकळायला ठेवा, उकळी आली की तांदूळ घाला आणि आच बारीक करा. कुकर नको, कुकरमध्ये ती चिकट होते आणि पाणी वेगळं राहत नाही. तासभर लागतो. मधून मधून लाकडी डावाने खालून हलवा, वरून नाही. दाणा फुटून फुलासारखा उमलला की मीठ घाला, आधी घातलं तर दाणा अडून बसतो असं त्या म्हणायच्या. उतरवल्यावर झाकण ठेवून दहा मिनिटं राहू द्या.

पेशंटसाठी वरची निवळ आधी वेगळी काढायची, ती दोन वाट्या कोमट करून द्यायची, आणि ती पोटात राहिली तरच दुपारी थोडा दाणा कुस्करून. धडधाकट माणसासाठी वरून चमचाभर तूप, बाजूला लिंबाचं जुनं लोणचं नाहीतर भाजलेला पापड. तुमच्या डब्यात आम्ही एक छोटी पुडी टाकायचो मिठाची, वॉर्डात नेल्यावर कमी वाटलं तर. ती आठवतेय का तुम्हाला? ती सासूबाई बांधायच्या, वर्तमानपत्राच्या कागदात, रोज चाळीस.

टोप अजून सकाळी आठला उतरतो. परळला आलात तर या, सहा ते नऊ मी असतो.